ऑनलाइन वाचतो, ऐकतो, पाहतो त्याचे पैसे कोण देतं? खान्देशातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चोपडा, यावल, रावेर या केळीच्या पट्ट्यात आम्ही तिघं जण मिळून एक छोटं काम करतो. रोज सकाळी केळीचे भाव, कालव्याच्या आवर्तनाची बातमी आणि फळपीक विम्याच्या तारखा लोकांच्या फोनवर पोहोचवतो. आखाजी (अक्षय्य तृतीया) आणि कानबाई (श्रावणातला देवीचा सण) यांच्या दिवसांत बायांच्या तोंडची अहिराणी गाणी रेकॉर्ड करून जपतो. वाचनालयात, लग्नाच्या मांडवात, बाजार समितीच्या आवारात माणसं भेटतात आणि पैशाचं विचारतात. तेच तेच प्रश्न येतात, म्हणून त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहून ठेवली आहेत.

फुकट भेटस तं पैसा कसाले देवाना?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि तो रास्त आहे. म्हणून भावाचंच उदाहरण घेऊ. आमच्यातला एक जण भल्या सकाळी बऱ्हाणपूरच्या लिलावाचा भाव फोनवर घेतो. मग रावेरचा बोर्डभाव बघतो. एवढं तर कुणीही फॉरवर्ड करेल. पण बोर्डावर एक भाव आणि बांधावर गाडी भरताना दुसरा, हे केळी लावणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. म्हणून तो रोज चार-पाच गावांतल्या शेतकऱ्यांना विचारतो, 'नवती कितीने गेली? पिलबाग कितीने? वापसी म्हणून किती माल बाजूला काढला?' (नवती म्हणजे नव्या लागणीची केळी, पिलबाग म्हणजे खोडव्याची.) त्या फोनांना दोन तास जातात. हे दोन तास कुणीतरी रोज, न चुकता द्यायचे, तर त्याचं घर चाललं पाहिजे.

अमळनेरला साने गुरुजी छात्रालयातल्या मुलांसाठी स्वतःच्या हाताने दैनिक लिहून काढत. मुलांना ते फुकट वाचायला मिळे, कारण त्याची किंमत गुरुजी आपल्या झोपेतून आणि हातांतून भरत होते. आजही फुकट मिळणाऱ्या गोष्टीची किंमत कुणीतरी भरतच असतं: जाहिरातदार भरतो, दुसरा एखादा वाचक भरतो, नाहीतर लिहिणारा स्वतः भरतो. लिहिणारा एकटाच भरत राहिला तर तो दोन-तीन वर्षांत थकून बसतो. आम्ही असे थकलेले चांगले लोक पाहिले आहेत, म्हणून हे कळकळीने सांगतो.

जाहिरातीचे पैसे नेमके कसे मिळतात?

वेबवरची पहिली गाजलेली पट्टीवजा जाहिरात २७ ऑक्टोबर १९९४ ला अमेरिकेतल्या हॉटवायर्ड या संकेतस्थळावर लागली. तेव्हा वर्तमानपत्रासारखाच व्यवहार होता: जागा अमुक, दिवस तमुक, पैसे इतके. आता तसं राहिलेलं नाही. तुम्ही पान उघडता त्या क्षणार्धात तुमच्यासमोरच्या जागेचा लिलाव होतो. तुम्ही कुठे आहात, कोणत्या भाषेतलं बघता, आधी काय शोधलं होतं, यावरून जाहिरातदारांची यंत्रं बोली लावतात. जास्त बोली ज्याची, त्याची जाहिरात दिसते. त्यातला काही वाटा मधल्या कंपनीला आणि उरलेला लिहिणाऱ्याला किंवा व्हिडिओ करणाऱ्याला जातो.

यूट्यूबवर मोठ्या व्हिडिओंच्या जाहिरातीतले ५५ टक्के चॅनलवाल्याला मिळतात, शॉर्ट्सच्या वाट्यातले ४५ टक्के. प्रेक्षकाने थेट दिलेल्या पैशातले, म्हणजे सुपर चॅट किंवा मेंबरशिपमधले, ७० टक्के. 

आमच्या पोराच्या अहिराणी गाण्याला भरपूर व्ह्यूज आहेत, तरी पैसे इतके कमी का?

व्ह्यूज सगळे सारखे नसतात. बोली लावणारा प्रेक्षकाचं गाव, देश, खिसा बघतो. तेच गाणं अमेरिकेत बसून कुणी ऐकलं तर त्या ऐकण्याला जास्त भाव मिळतो. सुरतेच्या उधन्यात, लिंबायतमध्ये किंवा शिरपूरला ऐकलं तर कमी. दिवाळीच्या आधी भाव चढतात, कारण तेव्हा जाहिराती जास्त असतात. आखाजीचं गाणं मात्र आखाजीलाच ऐकलं जातं, म्हणजे ऐन उन्हाळ्यात.

दुसरं कारण भाषेचं आहे आणि ते आम्हाला जास्त लागतं. गूगलच्या जाहिरात व्यवस्थेत जाहिरातदार भाषा निवडतो. त्या यादीत मराठी आहे, अहिराणी नाही. म्हणजे धुळ्याच्या एखाद्या व्यापाऱ्याला 'माझी जाहिरात अहिराणी ऐकणाऱ्या माणसालाच दाखवा' असं सांगायचं असलं, तरी तसं सांगायला जागाच नाही. लाखो लोक घरात जी भाषा बोलतात, ती या बाजाराच्या हिशोबात धरलेलीच नाही. जाहिरात अहिराणी गाण्यावर लागते, पण अहिराणीसाठी म्हणून कुणी बोली लावत नाही.

आणि तिसरं: जाहिरातीला मोजणी कळते, गरज कळत नाही. नाचाच्या गाण्याला दहा लाख माणसं मिळतील. पण 'सीएमव्ही (केळीचा विषाणूजन्य रोग) आलेली रोपं कशी ओळखायची आणि उपटून कुठे टाकायची' हे सांगणारा व्हिडिओ तीन-चार तालुक्यांपुरताच. तो बघणाऱ्यांपैकी एखाद्याची अख्खी बाग त्यामुळे वाचेल, पण जाहिरातीच्या खात्यात त्या व्हिडिओचे चहापुरतेही पैसे जमणार नाहीत. ज्याची गरज थोड्याच माणसांना, पण फार मोठी असते, त्या कामाला जाहिरात पोसत नाही. आम्ही वर्गणीकडे वळलो ते एवढ्यासाठी.

यूट्यूबचे पैसे कधीपासून सुरू होतात?

जाहिरातीच्या वाट्यासाठी १,००० सबस्क्रायबर आणि मागच्या १२ महिन्यांत ४,००० तास पाहिलं गेलेलं असलं पाहिजे. किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सना १ कोटी व्ह्यूज. २०२३ पासून त्याखाली एक पायरी आली आहे. ५०० सबस्क्रायबर, ९० दिवसांत तीन व्हिडिओ आणि वर्षात ३,००० तास (किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सचे ३० लाख व्ह्यूज) झाले, की प्रेक्षकांकडून थेट पैसे घेता येतात, जाहिरातीचा वाटा मात्र नाही.

खात्यात १० डॉलर जमले की पत्ता तपासायला कंपनी टपालाने एक पिन (गुप्त क्रमांक) पाठवते. इथे आपल्याकडची बरीच पोरं अडकतात. पत्ता लिहिताना गाव, पोस्ट, तालुका, जिल्हा, पिन कोड सगळं लिहा, आणि पोस्टमन भाऊंना आधीच सांगून ठेवा की असं एक पाकीट येणार आहे. १०० डॉलर झाल्याशिवाय पैसे बँकेत येत नाहीत.

कराचा अर्जही भरा. अमेरिकेतल्या प्रेक्षकांमुळे झालेल्या कमाईवर तिथला कर कापला जातो. भारताशी असलेल्या करारामुळे तो १५ टक्के लागतो. अर्ज भरलाच नाही तर साऱ्या जगातल्या कमाईवर २४ टक्क्यांपर्यंत कापून घेतात, मग तुमचे सगळे प्रेक्षक पारोळ्याचे का असेनात.

गाणं मी लिहिलं. कंपनीने एकरकमी पैसे देऊन सही घेतली. आता ते गाजलं. माझा काही हक्क उरला का?

बहुतेक वेळा उरतो. कॉपीराइट कायद्यात २०१२ मध्ये दुरुस्ती झाली. ध्वनिमुद्रणात वापरलेल्या शब्दांचा आणि चालीचा पुढे जो व्यापारी वापर होतो, त्याच्या मानधनातला समान वाटा गीतकाराला आणि संगीतकाराला मिळाला पाहिजे, असं ती दुरुस्ती सांगते. हा हक्क सहीने सोडून देता येत नाही. तो फक्त वारसांना किंवा कॉपीराइट संस्थेला देता येतो. 'सगळे हक्क कायमचे दिले' असं करारात छापलेलं असलं तरी या वाट्यापुरतं ते चालत नाही. वकिलाला करार दाखवा, आणि पुढच्या वेळी सहीआधी दाखवा.

आखाजीची, गौराईची, कानबाईची जुनी गाणी कुणा एकाची नाहीत. ती आजीकडून नातीकडे आली. कुणीही म्हणू शकतं. पण एखाद्या मावशीच्या आवाजातलं तुम्ही केलेलं रेकॉर्डिंग दुसऱ्याने उचलून, वर डीजेचा ठेका चढवून स्वतःच्या चॅनलवर टाकलं, तर तुम्ही तक्रार करू शकता. आणि तुम्हीही त्या मावशीला विचारल्याशिवाय, तिच्या हातात काही ठेवल्याशिवाय तिचा आवाज विकू नका. आम्ही हा नियम पहिल्या दिवसापासून पाळतो.

वर्गणी घेतली की दर महिन्याला आपोआप पैसे कापले जातात म्हणे. भीती वाटते.

भीती वाटावी असे प्रकार झाले आहेत, आमच्या घरातही. माझ्या मावशीच्या फोनवर एका ॲपने 'एक रुपयात सात दिवस भजन-कीर्तन' असं दाखवलं. तिने एक रुपया दिला, पिन टाकला. त्या पिनबरोबर पुढच्या वसुलीची परवानगीही गेली, हे तिला कुणी सांगितलं नाही. खाली बारीक अक्षरात, तेही इंग्रजीत लिहिलेलं होतं. आठव्या दिवशी तिमाहीचे पैसे गेले. रक्कम फार मोठी नव्हती, पण ती कापूस वेचायच्या मजुरीतली होती. मावशीने त्यानंतर बरेच दिवस फोनवरून कुणालाच पैसे दिले नाहीत, किराणावाल्यालाही नाही. एका लबाड बटनाने एका माणसाचा सगळ्याच व्यवहारावरचा विश्वास घालवला, आणि त्याचा फटका आमच्यासारख्या सरळ वर्गणी मागणाऱ्यांनाही बसतो.

आता नियम काय आहेत ते नीट बघा. आपोआप कापल्या जाणाऱ्या पैशांसाठी रिझर्व्ह बँकेचे नियम १ ऑक्टोबर २०२१ पासून लागू आहेत. पहिल्यांदा परवानगी तुम्हीच पिन किंवा ओटीपी टाकून द्यायची. पुढे दर वेळी पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी तुम्हाला कळवलं गेलं पाहिजे, आणि तिथूनच नकार देण्याची सोय असली पाहिजे. वर्गणीची रक्कम १५,००० रुपयांच्या वर असेल तर दर वेळी ओटीपी लागतो. जून २०२२ पर्यंत ही मर्यादा ५,००० होती. अडचण अशी, की तो आधीचा मेसेज बहुधा इंग्रजीत येतो आणि तो जाहिरातीच्या मेसेजांच्या ढिगात हरवतो. तेव्हा 'मँडेट', 'ऑटोपे' किंवा 'स्टँडिंग इन्स्ट्रक्शन' असा शब्द दिसला की तो मेसेज घरातल्या शिकलेल्या पोराला दाखवा.

बंद करायचं असेल तर ज्या यूपीआय ॲपवरून पैसे दिले तेच उघडा. त्यात ऑटोपे किंवा मँडेट नावाचा विभाग असतो. तिथे कोणाकोणाला परवानगी दिली आहे ती यादी दिसते. नको असलेल्यावर बोट ठेवून 'रद्द' करा, पिन टाका, झालं. कार्डावरून दिलं असेल तर बँकेच्या ॲपमध्ये किंवा शाखेत. प्ले स्टोअरमधून घेतलं असेल तर वरच्या कोपऱ्यातल्या आपल्या फोटोवर दाबून 'पेमेंट्स अँड सबस्क्रिप्शन्स'मध्ये जा. महिन्यातून एकदा, दूध-किराण्याचा हिशोब करता तेव्हाच, ही यादी बघण्याची सवय लावा.

फसवून अडकवणारी बटनं, बंद करण्याची वाट लपवून ठेवणं, याला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी मनाई केली आहे. त्यात असे १३ प्रकार दिले आहेत आणि वर्गणीचा सापळा हा त्यातलाच एक. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५.

ॲप फोनमधून काढून टाकलं की वसुली थांबते ना?

नाही. ॲप गेलं तरी परवानगी बँकेकडे तशीच राहते. वर सांगितलं तसं रद्दच करावं लागतं.

महिन्याची वर्गणी कशाला? एकेका लेखाचे रुपया-दोन रुपये घ्या ना.

ऐकायला हे इतकं सोपं वाटतं की जगभर हुशार माणसांनी त्यावर वर्षं घालवली. वेबच्या नियमावलीत अगदी सुरुवातीपासून ४०२ क्रमांकाचा एक संदेश राखून ठेवलेला आहे, 'पैसे भरणे आवश्यक' अशा अर्थाचा. म्हणजे वेब बांधणाऱ्यांच्या मनात पैसे देण्याची जागा होती. ती जागा पुढे जाहिरातीने भरली. नेदरलँड्समध्ये ब्लेंडल नावाच्या सेवेने २०१४ पासून एकेक लेख काही सेंटांना विकून पाहिला. लेख आवडला नाही तर पैसे परत, अशीही सोय होती. २०१९ मध्ये त्यांनी तो प्रकार सोडला आणि वर्गणीकडे वळले. स्वीडनच्या फ्लॅटरने महिन्याची एक रक्कम आवडलेल्या लेखांत वाटून देण्याची कल्पना २०१० मध्ये आणली. तीही सेवा आता बंद झाली आहे.

तिकडे एक अडचण खर्चाची होती. कार्डाने एक रुपया घ्यायचा तर त्यावरचा आकार रुपयापेक्षा मोठा. आपल्याकडे ती अडचण उरलेली नाही. यूपीआय २०१६ मध्ये आलं, आणि जानेवारी २०२० पासून यूपीआयने पैसे घेणाऱ्या दुकानदारावरचा आकार शून्य आहे. पाच रुपयांची कोथिंबीरसुद्धा आपण क्यूआर कोडवर घेतो. म्हणजे इथे छोटे पैसे देणं जगातल्या बहुतेक देशांपेक्षा सोपं आहे.

तरीही लेखागणिक पैसे घेणं जमत नाही, कारण अडचण मनाची आहे. भाव बघायला फोन उघडलेल्या माणसाला रोज सकाळी 'दोन रुपये देऊ की नको' असं ठरवायला लावलं, की तो तिसऱ्या दिवशी बघणं सोडतो. रक्कम दोन रुपयेच असते, पण रोज ठरवणं जड जातं. पाणपट्टी घागरीमागे नसते आणि लोकलचा पास फेरीमागे नसतो, ते यामुळेच.

पण छोट्या पैशांची एक रीत आपल्या मातीत मुरलेली आहे, आणि ती पुढून मागण्याची नाही, मागून देण्याची आहे. वहीगायनाला, म्हणजे 'वही' नावाची लोकगीतं गाण्याच्या बैठकीला, रात्रभर डफ वाजतो. बैठकीला तिकीट नसतं. एखादी वही मनाला भिडली की कुणी आबा, कुणी जिभाऊ उठून अकरा, एकावन्न रुपये देतात आणि गाणारा त्यांचं नाव घेतो. ऐकून झाल्यावर, मन भरल्यावर, चारचौघांत दिलेले हे पैसे असतात. यूट्यूबचं सुपर थँक्स हे त्याच जातीचं आहे. आमच्या कानबाईच्या गाण्यांखाली आम्ही फक्त क्यूआर कोड ठेवतो, रक्कम लिहीत नाही. रोटांच्या आठवड्यात सुरतेहून पैसे येतात आणि सोबत कधी कधी एक ओळ येते: मन्ही माय आठवनी.

भावासाठी वर्गणी आणि गाण्यासाठी ओवाळणी, असं आमच्यापुरतं ठरलं आहे.

पेपरची पीडीएफ ग्रुपवर टाकली तर काय बिघडलं? पेपर तर सगळं गाव वाचतं.

पारावर एक पेपर पंचवीस माणसं वाचत, हे खरं आणि चांगलं होतं. तो अंक विकत घेतलेला होता आणि पारावरच राहत होता. ई-पेपरची पीडीएफ सकाळी साडेपाचला एका ग्रुपवर पडते आणि सातपर्यंत जिल्हाभर जाते, त्यातून अंक टाकणाऱ्या पोराचंही गिऱ्हाईक तुटतं. २०२० च्या टाळेबंदीत घरोघरी अंक जाणं थांबलं, तेव्हा ही सवय फार वाढली. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे परवानगीशिवाय असं वाटणं बेकायदा आहे.

कायदा बाजूला ठेवला तरी एक गोष्ट सांगतो. तालुक्याच्या बातमीदाराची जागा कमी होते ती अशाच हिशोबातून. मग पाटचारी फुटली तर ते छापायला कुणी उरत नाही. एखादी बातमी सगळ्यांना कळावी असं वाटलं तर तिचा दुवा पाठवा, किंवा दोन ओळींत स्वतःच्या शब्दांत सांगा. त्याला कुणाचीच हरकत नसते.

एक लॉगिन घेऊन चार भावांच्या घरी वापरलं तर?

ज्याच्या त्याच्या अटी बघाव्या लागतात. नेटफ्लिक्सने जुलै २०२३ पासून भारतात एका घराबाहेर खातं वाटून वापरणं थांबवायला सुरुवात केली. आमच्याकडे एक वर्गणी एका खटल्याची, म्हणजे एकत्र कुटुंबातले सगळे भाऊ आले. वेगळे निघाले असाल तर वेगळी घ्या.

छापील अंकावर कर नाही, मग फोनवरच्या वर्गणीवर १८ टक्के कसे?

छापील वर्तमानपत्र जीएसटीतून मुक्त आहे. तीच बातमी पडद्यावर विकली की ती ऑनलाइन सेवा ठरते आणि १८ टक्के लागतात. आम्हाला हे अन्यायाचं वाटतं. वाचन तेच आहे, कागद तेवढा गेला. रावेर-यावलच्या शेतकऱ्याला छापील भावपत्रक मिळेपर्यंत गाडी निघून गेलेली असते. त्याला ते फोनवरच उपयोगाचं. (उलाढाल नोंदणीच्या मर्यादेखाली असलेल्या आमच्यासारख्या छोट्यांना हा कर लावावा लागत नाही, पण मोठं व्हायचं म्हटलं की तो आलाच.)

ॲपच्या आतून वर्गणी घेतली तर आणखी एक वाटेकरी येतो: ॲप स्टोअर. गूगल प्ले वर्गणीवर साधारण १५ टक्के घेतं; ॲपल पहिल्या वर्षी ३० आणि पुढे १५. काही ठिकाणी तीच वर्गणी त्यांच्या संकेतस्थळावरून स्वस्त पडते. घेण्याआधी दोन्हीकडे बघा.

दुकानदाराकडून पैसे घेऊन त्याच्या बियाण्याचा, औषधाचा व्हिडिओ केला तर चालतं का?

चालतं, पण सांगून. ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केलं आहे की पैसे, वस्तू, सवलत, फुकट सहल, काहीही घेतलं असेल तर तसं सांगितलंच पाहिजे, आणि ज्या भाषेत शिफारस केली त्याच भाषेत सांगितलं पाहिजे. अहिराणीत फवारणीचं कौतुक करायचं आणि खाली इंग्रजीत बारीक 'स्पॉन्सर्ड' लिहायचं, हे चालणार नाही. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला पहिल्या वेळी १० लाखांपर्यंत आणि पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो.

दंड राहू द्या. लग्नसराईत सोन्याच्या दुकानाची जाहिरात आम्ही घेतो, वर ठळक 'जाहिरात' लिहितो. औषध-बियाण्याची घेत नाही. करप्याने पानं जळायला लागली की माणूस दिसेल त्या सल्ल्यावर पैसे टाकतो. त्या घडीला आपला शब्द विकलेला नसावा.

सुरतचे, अमेरिकेतले नातेवाईक मदत करू शकतात का?

सुरत, नाशिक, पुणे इथून काहीच अडचण नाही. परदेशातून मात्र जपून. बातम्या आणि चालू घडामोडी देणाऱ्यांना परकीय देणगी घ्यायला एफसीआरए (परकीय देणग्यांचं नियमन करणारा) कायदा मनाई करतो, आणि त्यात इलेक्ट्रॉनिक माध्यमंही येतात. तुमचा भाचा तिकडे नोकरीला असून अजून भारताचाच नागरिक असेल आणि स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवत असेल, तर ती परकीय देणगी धरली जात नाही. नागरिकत्व बदललं असेल तर नियम बदलतो. आम्ही परदेशातून येणारे पैसे विचारल्याशिवाय घेत नाही, त्यात कुणी वाईट वाटून घेऊ नये.

जाहिरात अडवणारं ॲप वापरणं चूक आहे का?

आम्ही चूक म्हणणार नाही. नेटपॅक संपत आलेला असताना पानभर व्हिडिओ जाहिराती आपोआप वाजू लागल्या तर माणूस काय करणार? शिवाय त्या जाहिराती तुमच्या मागे मागे येतात, काय बघता ते टिपून ठेवतात. फक्त एवढं करा: ज्यांचं काम तुम्ही रोज वापरता, त्यांना दुसऱ्या कोणत्या तरी वाटेने द्या.

'व्हिडिओ लाइक करा, रोज दोन हजार मिळवा' असा मेसेज आलाय. खरं असतं का?

खोटं असतं. पहिल्या दिवशी शे-दोनशे खरोखर देतात, विश्वास बसला की 'मोठ्या टास्क'साठी तुमच्याकडून पैसे भरून घेतात आणि गायब होतात. 'तुमचं चॅनल आठ दिवसांत मॉनेटाइझ करून देतो' म्हणणारेही तसेच. ते पासवर्ड मागतात आणि चॅनलच घेऊन जातात. पैसे गेले असतील तर एक मिनिट न दवडता १९३० वर फोन करा. लवकर कळवलं तर पैसे मधेच गोठवता येण्याची शक्यता असते. लाजेने गप्प बसू नका. शिक्षक, बँकवाले, सगळेच फसले आहेत.

कॉलेजच्या पोरांना महागडी संशोधनपत्रिका वाचायची असेल तर?

सरकारी उच्च शिक्षण संस्थांसाठी केंद्राची 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजना जानेवारी २०२५ पासून सुरू आहे. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० पत्रिका. जळगावला विद्यापीठाच्या ग्रंथालयात आधी चौकशी करा, मग खिशात हात घाला.

ज्यांच्याकडे पैसे नाहीत त्यांनी वाचायचंच नाही का?

हा प्रश्न एका शाळकरी मुलीने यावलच्या वाचनालयात विचारला होता. न्यूयॉर्क टाइम्सने मार्च २०११ मध्ये कुंपण घातलं, म्हणजे पैसे भरल्याशिवाय लेख उघडेना असं केलं, तेव्हा महिन्याला २० लेख मोकळे ठेवले होते. द गार्डियनने संकेतस्थळ सर्वांना उघडं ठेवलं आणि ज्यांना जमेल त्यांनी द्यावं असं मागितलं. विकिपीडियावर, मराठी विकिपीडियावरही, जाहिरात नाही. तो देणग्यांवर चालतो.

आमच्याकडे पूर, गारपीट, आवर्तन, विम्याची शेवटची तारीख या बातम्या कधीच कुंपणात नसतात. अशी बातमी पैशासाठी अडवून ठेवणं आम्हाला पाप वाटतं. भावाचा रोजचा तपशील तेवढा वर्गणीदारांना सकाळी, आणि बाकी सगळ्यांना संध्याकाळी. वाचनालयांना पहिल्यापासून सगळं मोकळं आहे, कारण आम्ही तिघंही वाचायला शिकलो ते तिथल्याच बाकांवर.

महिन्याला जमत नाही हो. बागेचे पैसे आले की एकदम दिले तर चालेल का?

चालेल, आणि हे सुचवणाऱ्या रावेरच्या एका आप्पांचे आम्ही ऋणी आहोत. आम्ही सुरुवातीला सगळ्यांसारखी महिन्याची वर्गणी ठेवली होती. दर एक तारखेला आठवण जायची आणि निम्मे लोक गळायचे. आम्हाला वाटलं, काम आवडत नाही. आप्पा एकदा म्हणाले, "भाऊ, एक तारीख नोकरदाराची. आमची तारीख कटाईची." तेव्हा उमगलं. दर महिन्याची वर्गणी हा पगार घेणाऱ्यांच्या शहरात जन्मलेला हिशोब आहे. केळीवाल्याच्या घरात पैसा येतो तो घड उतरले की, कापूसवाल्याच्या घरात दिवाळीच्या आगेमागे. मजुराच्या घरात आठवड्याच्या बाजारच्या दिवशी.

त्यानंतर आम्ही एक तारीख काढून टाकली. नाव नोंदवताना आता एवढंच विचारतो: तुमचे पैसे कधी येतात? मृगबाग (पावसाळ्याच्या सुरुवातीला लावलेली केळी) असेल तर त्या हिशोबाने, कांदेबाग (पावसाळ्यानंतर लावलेली केळी) असेल तर त्या, कापूस असेल तर दिवाळीनंतर. आठवणही तेव्हाच जाते, अहिराणीत, आणि ऑटोपे कुणालाच सक्तीचं नाही. भाव पडला, गारपीट झाली, व्यापाऱ्याने पैसे थकवले, तर त्या वर्षी नुसतं कळवा. सकाळचा भाव तुमच्या फोनवर येत राहील.